सकाळी विमान, दुपारी जहाज

सिएटलच्या मध्यभागी दोन खोल्यांचं एका रात्रीचं भाडं कर धरून ६४० डॉलर होत होतं. जुलैतली शनिवारची रात्र, त्याहून स्वस्त काही मिळेना. मी नवऱ्याला म्हटलं, "शनिवारी कशाला जायचं? रविवारी सकाळीच निघू." शिकागोहून ७.०५चं थेट विमान सिएटलच्या घड्याळात ९.३५ला उतरत होतं, आणि अलास्काला जाणारं आमचं जहाज दुपारी ४ला सुटणार होतं. शिकागोपेक्षा सिएटलचं घड्याळ दोन तास मागे, म्हणजे तेवढे तास आपल्याला फुकटच मिळतात असं मला वाटलं. हातात साडेसहा तास. मी त्याच रात्री तिकिटं काढली.

बरोबर आई-बाबा होते. दोघं सांगलीहून चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, घरात ती व्यवस्थित चालते, पण विमानतळावर व्हीलचेअर लागतेच. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. अलास्काचा हट्ट त्यांचाच. "सगळी नोकरी वाहतं पाणी अडवण्यात गेली," ते म्हणायचे, "आता गोठलेलं पाणी वाहताना बघायचंय."

कागदपत्रांचं काम मात्र आम्ही खूप आधीपासून केलं होतं, आणि ते इथे सांगायलाच हवं. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणाऱ्या या सहलींत जहाज वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं. तिथे जमिनीवर पाऊल ठेवायचं नसलं तरी भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे आमची अडचण नव्हती. आई-बाबांनी तो व्हिसा भारतातून निघायच्या आधीच काढून घेतला होता. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे म्हणजे काम झालं, असं समजून थेट बंदरावर जाऊ नका. जहाज व्हिक्टोरियाला का थांबतं, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. त्याचं उत्तर त्या रविवारी सकाळी शिकागोच्या विमानतळावर मिळालं.

आम्ही वेळेत विमानात बसलो. दार लागलं. वीस मिनिटं विमान जागचं हललं नाही. मग वैमानिकाने सांगितलं की एक तांत्रिक दोष दिसतोय, तंत्रज्ञ येतोय. ८ वाजता सगळ्यांना खाली उतरवलं. दुसरं विमान मिळणार होतं, पण ते इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाच्या गेटवर. आईची व्हीलचेअर परत मागवावी लागली आणि ती यायला पंचवीस मिनिटं गेली.

तेवढ्यात नवरा फोनवर पुढची विमानं बघत होता. वेळापत्रकात विमानं भरपूर होती. एखादं चुकलं तर पुढचं पकडू, असं तिकीट काढताना मीही मनाशी म्हटलं होतं. पण आम्ही चौघं. जुलैतल्या रविवारी एका विमानात चार जागा कुठेच नव्हत्या. एका विमानात एक होती, दुसऱ्यात दोन. आई-बाबांना वेगवेगळं पाठवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून आता कुणी विचारलं की मी सांगते, पुढचं विमान आहे का हे पाहू नका. त्या विमानात तुमच्या सगळ्या माणसांना जागा आहे का ते पाहा, आणि तेही जहाजाचं दार बंद व्हायच्या आत पोचणारं असलं पाहिजे.

दार बंद व्हायची वेळ हीच माझ्या हिशोबातली सगळ्यात मोठी चूक होती. मी जहाज सुटायची वेळ धरून बसले होते, ४ वाजता. जहाजाच्या कंपनीला फोन लावला तेव्हा पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं की चेक-इन २.३०ला बंद होतं. मी त्यांना कारण विचारलं. अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या जहाजाला सगळ्या प्रवाशांची यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याकडे पाठवावी लागते. यादी गेली की त्यात नाव घालता येत नाही. यादी जुळवायला कंपनी आणखी अर्धा तास हाताशी ठेवते. म्हणजे माझ्या साडेसहा तासांतला दीड तास पहिल्या दिवसापासून माझा नव्हताच.

मी त्यांना विचारलं, चुकलंच जहाज तर आम्ही विमानाने जूनोला जाऊन तिथे चढू का? जूनो हा आमचा अलास्कातला पहिला थांबा होता. त्या म्हणाल्या, नाही चालणार, कायद्याने मनाई आहे. फोन ठेवून मी तो कायदा शोधून वाचला. १८८६ सालचा आहे. परदेशी झेंड्याखालच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या बंदरात उतरवायचा नाही, असं तो सांगतो. मोठी प्रवासी जहाजं जवळजवळ सगळीच परदेशात नोंदलेली असतात. सिएटलहून निघून सिएटललाच उतरणाऱ्याला अडचण नाही, फक्त वाटेत एक परदेशी बंदर लागलं पाहिजे. व्हिक्टोरियाचा थांबा त्यासाठीच असतो. पण जूनोला चढून सिएटलला उतरलं की ती दोन वेगळी अमेरिकी बंदरं झाली, आणि तेव्हा व्हिक्टोरियासारखं जवळचं परदेशी बंदर मोजत नाहीत. आम्हाला कायद्याने चढता आलं असतं ते व्हिक्टोरियाला, सहल संपायच्या आदल्या संध्याकाळी.

हे वाचल्यावर माझे हातपाय गार पडले. पैशांचा विचार नंतर आला. आधी डोळ्यांपुढे आले ते बाबा, गेटजवळच्या खुर्चीत बोर्डिंग पासच्या मागे पेनाने काहीतरी लिहीत बसलेले. मी जवळ गेले तर त्यांनी आकडे मांडले होते. विमान आता सुटलं तर किती वाजता उतरणार, सामान किती वेळात, रस्ता किती. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

"तुझ्याकडे पंचवीस-तीस मिनिटं उरतात," ते म्हणाले. "फ्रीबोर्ड फार कमी ठेवलास गं."

धरणात पाणी चढून चढून जिथवर येऊ शकतं, त्याच्याही वर भिंतीची उंची राखून ठेवतात. लाटा असतात, वारा असतो, अंदाज चुकतो. ती राखलेली उंची म्हणजे फ्रीबोर्ड. बाबा रागावले नव्हते. मला सिमेंटची गोणी मोजायला शिकवताना ते ज्या आवाजात बोलायचे, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मला रागावण्यापेक्षा ते जास्त लागलं.

प्रवासविमा काढला होता. तो उघडून वाचला तर जहाज चुकल्याच्या भरपाईसाठी विमानाला किमान तीन तास उशीर झालेला असणं ही अट होती. आमचं विमान ९.५५ला उडालं. उशीर दोन तास पन्नास मिनिटं. विमा घेतानाच ही ओळ शोधून वाचा, कारण त्या अटीपेक्षा कमी झालेला उशीरही जहाज चुकवायला पुरेसा असतो.

१२.१०ला सिएटलला उतरलो. व्हीलचेअरच्या प्रवाशांना सगळ्यात शेवटी उतरवतात, त्यात काही गैर नाही, पण माझ्या हिशोबात तेही नव्हतं. विमानातून बाहेर यायला १२.४५ झाले. सामानाच्या पट्ट्यावर चार बॅगा आल्या, पाचवी यायला आणखी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मी ठरवलं होतं की २०पर्यंत मोजायचं आणि बॅग सोडून निघायचं. आईची औषधं, सगळे पासपोर्ट आणि एक दिवसाचे कपडे पाठीवरच्या पिशवीत होते, म्हणून असा विचार तरी करता आला. विमानतळापासून शहरात जाणारी लाइट रेल स्वस्त आणि भरवशाची आहे, पण स्टेशनपर्यंत पार्किंगच्या इमारतीतून बरंच चालावं लागतं आणि ती आमच्या धक्क्यापर्यंत जातही नाही. मोठी टॅक्सी केली.

चालकाचा पहिला प्रश्न होता, "कुठला पिअर?" सिएटलला जहाजांची दोन टर्मिनलं आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१, आणि ती एकमेकांपासून काही मैल लांब आहेत. ६६ शहराच्या किनाऱ्यावर, ९१ उत्तरेला. आमचं ९१. तिकिटावरचा हा आकडा पाठ असू द्या. त्या दुपारी बेसबॉलचा सामना होता आणि मैदान शहराच्या दक्षिण टोकाला, नेमकं वाटेवर. चालकाने मुख्य हमरस्ता सोडून ५०९ नंबरचा रस्ता घेतला आणि ९९ नंबरच्या रस्त्यावरच्या बोगद्यातून शहराखालून आम्हाला पलीकडे काढलं. बोगद्यात शिरल्यावर आईने माझा हात धरला. तिच्या तोंडून स्तोत्राचे शब्द हळूहळू येत होते.

१.५५ला पिअर ९१. हमालांनी बॅगा घेतल्या. त्यांना लावायच्या खोलीच्या चिठ्ठ्या घरूनच छापून आणल्या होत्या. बाकी सगळे प्रवासी कधीच चढून गेले होते, त्यामुळे रांग अजिबात नव्हती. तरी आई-बाबांच्या पासपोर्टना वेळ लागला. भारतीय पासपोर्ट, अमेरिकेचा व्हिसा, कॅनडाचा व्हिसा, प्रत्येक पान उलटून पाहिलं गेलं. काउंटरवरची मुलगी एकदा उठून आतही जाऊन आली. बारा मिनिटं. गर्दीच्या वेळी ते आणखी लांबलं असतं. २.१२ला आम्ही जहाजाच्या दारातून आत गेलो. आई सरळ पलंगावर आडवी झाली. अलास्काच्या वाटेवरची ती पहिली संध्याकाळ, सिएटलचा 'स्पेस नीडल' हा उंच मनोरा मागे पडत जाताना पाहण्याची, तिने पाहिलीच नाही. ६४० डॉलर वाचले ते असे.

पुढचे सात दिवस सुंदर गेले. ग्लेशियर बे मध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं होतं, तेव्हा बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडला. आधी दिसलं आणि आवाज मागाहून आला, तोफेसारखा. तिथले मूळचे त्लिंगिट लोक त्या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. बाबा दोन तास कठड्याशी उभे होते. जेवायलाही आले नाहीत. रात्री त्यांनी मला जहाजाच्या बाजूने खाली पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं की पाण्यापासून डेकपर्यंतच्या या उंचीलाही फ्रीबोर्डच म्हणतात.

आता गाडीचं. जहाजावरून उतरून ऑलिम्पिक नॅशनल पार्कला जायचं, पोर्ट एंजल्सला तीन रात्री राहायचं आणि बुधवारी परतायचं, असं ठरलं होतं. जहाज रविवारी सकाळी ६.३०ला लागणार म्हणून मी गाडी ९ची सांगून ठेवली होती. पुन्हा तीच चूक: जहाज धक्क्याला लागण्याची वेळ आणि माणूस बाहेर रस्त्यावर उभा राहण्याची वेळ मी एकच धरली होती. व्हिक्टोरियाला फोनला रेंज आली तेव्हा मी ती वेळ बदलून ११ केली. भाडं २२ डॉलरनी वाढलं, वाढू दिलं. आपलं सामान आपण ओढत नेणारे सगळ्यात आधी उतरतात, बाकीच्यांना गटागटाने सोडतात, आणि व्हीलचेअरवाल्यांचा गट वेगळा. आम्ही तपासणी आटपून बाहेर आलो तेव्हा ९.३५ झाले होते.

गाडी शहरातल्या शाखेतून घेतली तर स्वस्त पडते, कारण विमानतळावर भाड्यावर बरेच आकार चढतात. मी आधी तेच पाहिलं होतं. पण रविवारी शहरातल्या शाखा बंद तरी असतात किंवा थोडा वेळच उघडतात, गाड्याही मोजक्या असतात, आणि परत विमानतळावर सोडायची म्हटलं की ती बचत राहत नाही. सिएटलला विमानतळाच्या सगळ्या भाड्याच्या गाड्या एकाच वेगळ्या इमारतीत आहेत. ती विमानतळाला लागून नाही, मधे शटल बस घ्यावी लागते. बंदरावरून येताना टॅक्सीवाल्याला "विमानतळ" न सांगता थेट त्या इमारतीचं नाव सांगा. आम्ही तसं केलं, पाच बॅगांची एक चढउतार वाचली.

काउंटरवर सांगितलं की तुमच्या आकाराची गाडी अजून धुऊन आली नाही, छोटी आत्ता घेऊन जा. माणसं चारच होती, छोटीतही बसली असती. पण डिकीत पाच बॅगा आणि आईचा वॉकर कुठे ठेवायचा? गाडीचा आकार माणसांवरून ठरवू नका, बॅगांवरून ठरवा. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो आणि मोठी व्हॅन घेतली. विम्याचा कागद पुढे आला तेव्हा मी नको म्हटलं, कारण आमच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही लागू आहे हे घरून निघायच्या आधीच एजंटला विचारून घेतलं होतं. हे तिथे उभं राहून ठरवता येत नाही, मागे रांग असते. नवऱ्याचं नाव दुसरा चालक म्हणून लिहून घेतलं, त्याचे रोजचे वेगळे पैसे. गाडीभोवती फिरून सगळ्या बाजूंचा व्हिडिओ काढला.

आणि एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. इमारतीतल्या फरशीवर उभी असताना आई म्हणाली, "अगं, जमीन हलतेय का?" मलाही हलतच होती. सात दिवस समुद्रावर राहिलं की शरीर डुलायची सवय लावून घेतं आणि जमिनीवरही ती काही तास सुटत नाही. अशा वेळी हमरस्त्यावर अडीच तास गाडी चालवायची नाही, असं आम्ही तिथेच ठरवलं. टॅकोमापर्यंत गेलो, जेमतेम अर्धा तास, आणि टॅकोमा नॅरोजच्या पुलाआधी एका बागेत दुपार घालवली. आईने सावलीत झोप काढली.

तो पूल बाबांना ओळखीचा होता. सांगलीच्या वालचंद कॉलेजात असताना त्यांना त्याची फिल्म दाखवली होती. टॅकोमा नॅरोजचा पहिला पूल १ जुलै १९४०ला सुरू झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्यात पिळवटून खाली पडला. वादळ वगैरे काही नव्हतं, ताशी साठ-पासष्ट किलोमीटरचा वारा, पण पुलाचा सडपातळ पट्टा त्या वाऱ्याशी जणू झोका घेऊ लागला. माणूस कुणी दगावला नाही, गाडीत अडकलेला एक कुत्रा गेला. आताचे दोन पूल १९५० आणि २००७चे. बाबा बागेच्या कठड्यापाशी उभे राहून म्हणाले, "पन्नास वर्षांपूर्वी पडद्यावर पाहिला होता. आत्ता त्याच पाण्यावर उभा आहे." मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या पुलावर टोल फक्त टॅकोमाकडे येताना आहे. परतीला गाडीच्या पाटीचा फोटो निघतो आणि बिल भाड्याच्या कंपनीमार्फत येतं, टोल आणि वर कंपनीचं सेवाशुल्क. गाडी घेतानाच या शुल्काचा नियम विचारा. मी विचारला नव्हता. ऑगस्टमध्ये कार्डावर ते पैसे आले तेव्हा सेवाशुल्क टोलपेक्षा जास्त होतं.

बुधवारी परतीचं विमान ४.४५चं होतं. पोर्ट एंजल्सहून विमानतळ अडीच तास. मी सकाळी ८.३०ला सगळ्यांना गाडीत बसवलं. तासाभराने हूड कनालच्या पुलाशी आलो आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे लागले. हा पूल काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांवर पाण्यात तरंगतो. १९६१चा आहे, १९७९च्या फेब्रुवारीत वादळाने त्याचा अर्धा भाग बुडवला होता, मग पुन्हा बांधला. दक्षिणेला नौदलाचा पाणबुड्यांचा तळ आहे, आणि मोठं काही जायचं असलं की पुलाचा मधला भाग मागे सरकवून वाट करून देतात. तोवर रस्ता बंद. कधी पाऊण तासही लागतो.

नवऱ्याने इंजिन बंद केलं. पुढच्या गाड्यांतली माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. बाबांनी दार उघडलं, मग थांबून माझ्याकडे वळून पाहिलं.

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"पाच तासांच्या वर, बाबा."

"मग मी ते ठोकळे जवळून बघून येतो," म्हणाले, आणि काठी घेऊन कठड्याच्या दिशेने चालू लागले. आईने पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून माझ्या हातात दिला आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली.